आधी तिला ठरवू दे

आमच्या घरी येणार असाल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. बेल वाजवू नका, फाटकाशी येऊन फोन करा. आणि चप्पल काढताना खाली वाकू नका, पायरीवर बसून काढा. घरात खारी, आमची कुत्री, असते, आणि माणूस जमिनीकडे वाकला की तो दगडच उचलतोय, असं तिला वाटतं.

रस्त्यावर वाढलेली बहुतेक कुत्री वाकणाऱ्या माणसापासून मागे सरतात. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, एक दगड बरगडीत बसला की पुरतो. खारीच्या बाबतीत तो वाकणारा माणूस सांडलेले शेंगदाणे वेचणारी मी असले, तरी तिच्या पायांना ते आधी कळत नाही. पाय पळतात, डोकं मागाहून येतं. मग ती दिवाणाखालून बघते, बघते, आणि मी उभी राहिले की शेपूट थोडीशी सोडते.

खारी गावठी आहे. खारी बिस्किटासारखा रंग, उभे कान, त्यातल्या एकाच्या टोकाला नसबंदीची खूण म्हणून कापलेला छोटा तुकडा, आणि मागचा एक पाय जरासा आखडलेला. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एका ढाब्यामागे ती राहायची. हायवेवर गाडीनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मुलांनी तिला जाळ्यात पकडून आणलं, हाडात सळई घालून ऑपरेशन झालं आणि पुढे कितीतरी महिने ती निवाऱ्यातल्या पिंजऱ्यात राहिली. त्या मुलांनी तिचा जीव वाचवला, आणि तरीही खारीच्या आठवणीत ती सगळी घटना म्हणजे जाळं, सुई, वेदना आणि दिवसरात्र शेजारच्या पिंजऱ्यांतलं भुंकणं एवढीच आहे. आपण तिच्या भल्यासाठी काय केलं हे तिला समजावून सांगायची काहीच सोय नसते. मला याचं अजूनही वाईट वाटतं.

आमचं घर साताऱ्यात, शाहूपुरीत. जुनं, बैठं, मागे न्हाणीघर आणि परसात शेवग्याचं झाड. घरात मी आणि माझे वडील, आबा. मी घरूनच लोकांचे हिशोब आणि जीएसटीची कामं करते, आबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. खारी आली तेव्हा सुरुवातीचे कितीतरी आठवडे ती घरात आहे हे फक्त सकाळी रिकाम्या झालेल्या ताटलीवरून कळायचं. दिवसा ती दिवाणाखाली भिंतीला पाठ लावून असायची. शू करायलाही रात्री, सगळे झोपल्यावर, मागचं दार उघडं ठेवलं तरच बाहेर जायची. कुकरची शिट्टी, केरसुणी, टपाल टाकणाऱ्याचं हेल्मेट, छत्री उघडल्याचा आवाज, झटकलेलं टॉवेल, यातलं काहीही झालं की तो दिवस संपला.

तिला पहिल्यांदा बाहेर काढलं आबांनी, आणि तेही काहीच न करून. मी ताटलीत कलेजीचे तुकडे घेऊन जमिनीवर बसायचे, लाडानं हाक मारायचे. आबा सकाळी झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचे. दिवाणाकडे बघायचेही नाहीत. पान उलटताना मात्र सावकाश उलटायचे, कारण पेपरचा फडफडाट तिला चालत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. एका सकाळी ती बाहेर आली आणि झोपाळ्यापासून हातभर लांब बसली. आबांनी मान वळवली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, तर डोळ्यांनीच मला म्हणाले, थांब. नंतर म्हणाले, "अगं, नवीन माणूस गाडीत चढला की त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं. बसू दे, स्थिरावू दे. तिकीट काय, घाट चढल्यावरसुद्धा काढता येतं."

यात आबांचा अनुभव होता, पण मला पुढे वाचताना त्याचं शास्त्रही सापडलं. डोळ्यांत रोखून बघणं, समोरून सरळ चालत येणं, वरून डोक्यावर हात नेणं, मिठी मारणं, ही सगळी आपली प्रेमाची भाषा कुत्र्याला धमकीची वाटू शकते. बिचकणारं कुत्रं घरातल्या सर्वांत दुर्लक्ष करणाऱ्या माणसाकडे आधी जातं ते यामुळेच. आम्ही मग घरात एक नियम केला: तिच्याकडे कुणी जायचं नाही, तिनं यायचं. आली तर हाताची पालथी बाजू खाली धरायची. तिनं वास घेतला तर हनुवटीखाली दोन क्षण खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. मग ती काय करते ते बघायचं. पुढे सरकली तर आणखी. तोंड फिरवलं तर विषय संपला. जन्मात कधीच तिच्या नकाराला किंमत मिळाली नव्हती, ती या घरात मिळते हे तिला कळलं, तेव्हापासून ती होकार द्यायला लागली. खारीबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच.

लोक म्हणतात, प्रेम दिलं की कुत्रं आपोआप सुधारतं. प्रेम लागतंच. पण भीती कुठून येते हे समजून घेतलं नाही तर प्रेमानंही माणूस कुत्र्याला छळतो. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ असा असतो, की त्यात जे दिसेल, ऐकू येईल, ते त्याला जगाचा नेहमीचा भाग वाटतं. अमेरिकेत बार हार्बर इथल्या संशोधकांनी १९६१मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसांचा सहवास मिळू दिला नव्हता. ती पिल्लं नंतर माणसांना बिचकतच राहिली. खारीच्या त्या दिवसांत काय होतं? ट्रक, ढाब्याच्या मागची उष्टी, आणि हाकलणारी माणसं. तिचा मेंदू त्या जगासाठी अगदी योग्य तयार झाला होता. ती 'बिघडलेली' नव्हती. त्या जागी भित्री होती म्हणूनच ती जगली असणार.

त्यामुळे आम्ही तिला धीट करायच्या मागे लागलो नाही. तिचं जग ओळखीचं करायच्या मागे लागलो. जेवणाची वेळ तीच, फिरण्याचा रस्ता तोच, हार्नेस, म्हणजे छातीचा पट्टा, घालताना म्हणायचं वाक्य तेच. केरसुणी हातात घेण्याआधी मी "झाडते गं" म्हणते आणि ती उठून परसात जाते. कुकरची शिट्टी झाली की लगेच तिच्या चटईवर कलेजीचा एक तुकडा पडतो. आता शिट्टीची वेळ झाली की ती स्वतःच चटईवर जाऊन बसते. पाव्लोव्हच्या कुत्र्यांना घंटा ऐकून लाळ सुटायची हे शाळेत पाठ केलं होतं. घाबरवणाऱ्या गोष्टीच्या मागोमाग दर वेळी आवडती गोष्ट आली, तर मनातली भीतीसुद्धा हळूहळू अशीच बदलते, हे मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलं. फक्त ती भीतीची गोष्ट आधी इतकी छोटी, इतकी लांब हवी, की कुत्रं खाऊ शकेल. तुकडा समोर पडूनही खारीनं खाल्ला नाही, तर समजायचं की फार झालं, मागे फिरा.

खाणं बंद होणं ही शेवटची खूण. त्याआधीच्या खुणा बारीक असतात आणि त्या शिकायला मला खूप आवडलं. झोप आलेली नसताना जांभई देणं. नाकावरून जीभ फिरवणं. डोकं एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, म्हणजे डोळ्यांतला पांढरा भाग चंद्रकोरीच्या आकारात दिसतो. एक पुढचा पाय उचलून तसाच धरणं. आणि संकट टळलं की अंग कोरडं असूनही भिजल्यासारखं जोरात झटकणं. या झटकण्याची मी वाट बघत असते. ते झालं की आम्ही पुढे निघतो.

आबांच्या तिकिटाच्या पंचाची गोष्ट सांगायलाच हवी. क्लिकर नावाची एक छोटी डबी मिळते, दाबली की टिक् असा आवाज येतो. कुत्र्यानं हवी ती गोष्ट केली त्याच क्षणी टिक्, आणि लगेच खाऊ. नेमकं कशाबद्दल खाऊ मिळाला हे त्याला त्या आवाजानं कळतं. मी हे आबांना वाचून दाखवलं. ते उठले आणि कपाटातून तिकिटं पंच करायचा पंच घेऊन आले. नोकरीतला पंच त्यांनी डेपोत जमा केला होता, हा नंतर हौसेनं जुन्या बाजारातून घेतलेला. त्याची टकटक खारीला मोठी पडली असती, म्हणून त्यांनी तो जुन्या बनियनमध्ये गुंडाळला आणि लेंग्याच्या खिशात ठेवला. खारीनं आपणहून त्यांच्याकडे बघितलं की खिशात टक्, आणि चुरमुऱ्याएवढा पनीरचा तुकडा. रस्त्यावर लांबून मोटरसायकल आली, तिनं मोटरसायकलकडे बघितलं आणि पळ काढायच्या आधी परत आबांकडे बघितलं की टक्. चाळीस वर्षांपूर्वीच्या लाल गाडीत लोकांना सरकून बसायला लावणारा आवाज आज एका कुत्रीला धीर देतो. आबा हे ज्या अभिमानानं सगळ्यांना सांगतात, तो अभिमान मला त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून दिसला नव्हता.

फिरायला आम्ही पहाटे निघतो, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं. उजाडल्यावर तिथे चालणाऱ्यांची गर्दी होते, त्याआधी परतायचं. छातीला हार्नेस आणि गळ्यात पट्टा, दोन्हीला वेगळ्या दोऱ्या, आणि पट्ट्यावर माझा फोन नंबर कोरलेला. घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकत हार्नेसमधून क्षणात निसटतं आणि मग ते हाकेला थांबत नाही, मालकाच्यासुद्धा. ज्यांच्याकडे असं कुत्रं आहे त्यांना मी हात जोडून सांगते, दोन दोऱ्या लावा. कुठे थांबायचं, किती वेळ हुंगायचं, कुठून मागे फिरायचं हे खारी ठरवते. कधी 'चार भिंती' नावाच्या जुन्या वास्तूपर्यंत जातो. कधी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी तिला काहीतरी पटत नाही आणि आम्ही घरी येतो.

गोळ्यांबद्दल घरात बरीच चर्चा झाली. आमच्या डॉक्टरांनी तिला फ्लुओक्सेटिन सुरू केलं, माणसांना चिंतेसाठी, नैराश्यासाठी देतात तेच औषध. आत्या म्हणाली, "कुत्र्याला कसली आलीये मनाची गोळी?" मला हे बोलणं लागलं. पाय मोडला तेव्हा सळई घातली, गोचिडाचा ताप आला तेव्हा डॉक्सीसायक्लिन दिलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही. जो मेंदू सतत सायरन वाजवतोय त्याला आवाज थोडा कमी करून दिला तरच त्याला नवीन काही शिकता येतं. औषध लागू व्हायला चार ते सहा आठवडे जातात. सुरुवातीला तिची भूक मंदावली होती, मग परत आली. हळूहळू फरक दिसला तो असा की घाबरल्यावर ती पूर्वी दिवसभर दिवाणाखाली जायची, आता थोड्या वेळानं बाहेर येऊ लागली. डॉक्टरांकडे जायच्या आधी तिची घालमेल कमी करणारं गॅबापेंटिनही देतो, त्यांनी सांगितलेल्या मापानं. मनानं कुणी देऊ नये. नुसतं गुंगीचं औषध देऊन शरीर लोळवलं तर बाहेरून शांत दिसतं, आत भीती तशीच राहू शकते, हेही त्यांनीच समजावलं. डॉक्टर स्वतः दवाखान्याबाहेर येऊन रिक्षातच तिला रेबीजचं इंजेक्शन देतात. अशा डॉक्टरांचं ऋण कसं फेडायचं?

दिवाळी.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास. आपल्या कानांपर्यंत न पोचणारंही बरंच काही त्याला ऐकू येतं, आणि हे कशासाठी चाललंय, कधी थांबणार, हे त्याला कुणी सांगू शकत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ घालून दिली होती. आमच्या भागात वसुबारसेच्या आधीच सुतळी बॉम्ब सुरू होतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत अधूनमधून चालतात.

आमची तयारी पावसाळ्यातच चालू होते. फोनवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग, इतकं हळू की मला जेमतेम ऐकू येईल, आणि त्याबरोबर उकडलेली कलेजी. आवाज एक एक घर वाढवायचा. तिनं कान मागे टाकले की परत खाली. प्रत्यक्ष दिवाळीत मधली खोली तिची. खिडक्यांना आजीच्या गोधड्या, कूलर पाण्याशिवाय नुसता घरघरत ठेवलेला, त्यावर आबांचा रेडिओ. संध्याकाळ व्हायच्या आत फिरून, जेवून घ्यायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी पहिल्या आवाजाच्या आधी पोटात जायला हवी. फाटकाला कुलूप. दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो दरवर्षी सगळ्या ग्रुपवर फिरतात, ते बघवत नाहीत.

आणि मी तिच्याजवळ बसते. "घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती आणखी पक्की होते" असं पुष्कळ जण सांगतात. तसं होत नाही. भीती ही भावना आहे, खाऊसाठी केलेली युक्ती नव्हे. कुणी धीर दिला म्हणून कुणाचं घाबरणं वाढत नाही. तिला जवळ यायचं असेल तर येऊ द्यावं, कपाटामागे राहायचं असेल तर राहू द्यावं. गेल्या लक्ष्मीपूजनाला ती थरथरत माझ्या मांडीला पाठ लावून बसली होती, लाळ गळत होती. मी पूजा आबांवर सोपवली होती. बाहेर लड लागली तेव्हा तिनं माझ्या कोपरात तोंड खुपसलं. माणसांपासून पळून जगलेल्या या जिवाला सगळ्यात मोठ्या भीतीच्या वेळी एका माणसाचं कोपर सुरक्षित वाटलं. त्या रात्री मी खूप रडले, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. समोरचे फौजी काका दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन म्हणाले, "पोरांना सांगितलंय, भाऊबीजेला मैदानावर जाऊन उडवा." मी त्यांच्या पाया पडले.

भाची सुट्टीला येते, सात वर्षांची आहे. तेव्हा दाराला लहान मुलांसाठीचं जाळीचं फाटक लागतं, आणि एक गोष्ट पक्की असते: दोघींना एकटं सोडायचं नाही. खारीनं अजून कुणाला चावलेलं नाही. पण पळायला जागा नसलेलं कोणतंही घाबरलेलं कुत्रं चावू शकतं, आणि हे मान्य करणं हा तिच्यावरच्या प्रेमाचाच भाग आहे. तिला तोंडावरची जाळी घालून घ्यायची सवय लावली आहे, आतून दही लावून लावून. आता जाळी दिसली की स्वतःच तोंड घालते. भाचीला शिकवलंय की खारी गुरगुरली तर रागवायचं नाही, "बरं" म्हणून मागे व्हायचं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं बोलून दाखवणं. त्यावर फटके देणारे लोक शेवटी न बोलता चावणारं कुत्रं तयार करतात.

चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात. कुलदैवत पालीचा खंडोबा. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, म्हणून नैवेद्यातला घास कुत्र्याला घालायची घरची रीत. पूर्वी आबा तो घास घेऊन गल्लीत जायचे. आता भरीत-रोडग्यातलं भरीत बाजूला काढतात, कारण त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना विषासारखा, आणि नुसता बाजरीचा रोडगा थोडं तूप लावून खारीच्या चटईजवळ ठेवतात. भंडारा उधळायच्या आधी तिला परसात नेतात. "येळकोट" सुद्धा त्या वेळी आबा हळू आवाजात म्हणतात.

"झाली का आता नॉर्मल?" हे मला सगळे विचारतात. नाही झाली. पाहुणे आले की ती अजून दिवाणाखाली जाते, छत्रीला अजून घाबरते, बहुधा कायम घाबरेल. ती बरी व्हावी म्हणून मी तिच्यावर प्रेम करत नाही. ती आमच्याकडे आहे आणि आम्हाला ती फार आवडते. परसातल्या उन्हात चारी पाय वर करून झोपते तेव्हा आवडते, आणि दिवाणाखालून नाक तेवढं बाहेर काढते तेव्हाही.

सध्या नखांचं काम चाललंय. नेलकटर दिसलं की ती खोली सोडते, म्हणून आबांनी फळीला सँडपेपर चिकटवला आणि तिला पुढच्या पंजानं फळी खरवडायला शिकवलं. ती आपली आपण खरवडते, खिशात टक् होतं, पनीर मिळतं, नखं झिजतात. उजवा पंजा छान चालतो, डावा जरा आळशी आहे. मागच्या पायांचं मात्र अवघड आहे, त्यातून एकात सळई. आबा म्हणतात, फळी उतरती लावून बघू. उद्या हार्डवेअरच्या दुकानातून बिजागरी आणायची आहे.